'अवकाळी'चं इंग्रजी करताना : 'अनसीझनेबल', 'अनसीझनल' आणि आपला वळीव

कोल्हापुरात 'अवकाळी' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. 'अवकाळीनं गव्हाचं वाटोळं केलं' एवढ्या एका वाक्यात महिना, पाऊस आणि नुकसान सगळं येतं. पण तेच विम्याच्या पत्रात, बँकेच्या अर्जात, इंग्रजी बातमीत किंवा भाषांतराच्या पेपरात लिहायची वेळ आली की गाडी अडते. शब्दकोशात 'अनसीझनेबल' सापडतो, वर्तमानपत्रात 'अनसीझनल' दिसतो, कुणी 'अनटाइमली' सुचवतं आणि शेवटी जो आधी आठवेल तो ठोकून दिला जातो. इंग्रजीत नव्यानं लिहू लागलेल्यांसाठी, विशेषतः शेती, हवामान आणि नुकसानभरपाईचे कागद ज्यांच्या हातून जातात त्यांच्यासाठी, हा शब्द कसा निवडायचा ते पायरीपायरीनं सांगतो. खरी मेख शब्दात नाही, तारखेत आहे. ती दुसऱ्या पायरीत येईल.

पहिली पायरी : शब्द फोडून बघा

मधला शब्द 'सीझन'. त्याच्या मागं नकाराचा 'अन' लावला आणि पुढं 'एबल' जोडलं की 'अनसीझनेबल' होतं. 'अल' जोडलं की 'अनसीझनल'. दोन्ही विशेषणं. अर्थ एकच धरा : वर्षाच्या त्या काळात साधारणपणे जशी हवा असते, तशी नसलेली.

'सीझन' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'पेरणी' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे 'सीझन' ही आधी पेरणीची वेळ होती, ऋतू हा अर्थ मागाहून आला. मृगाचा पेरा, रोहिणीचा पेरा म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि 'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आलाय, ज्यातून आपला 'मोसम'ही आला. हे लक्षात ठेवा, 'बिगरमोसमी' या शब्दाशी गाठ पडेल तेव्हा उपयोगी पडेल.

उच्चारात जोर 'सी'वर. त्यातला 'झ' हा 'माझा'मधला, 'माझी'मधला नव्हे. 'अन-सी-जन-एबल' असं तोडून, 'एबल'वर जोर देऊन म्हणण्याची आपल्याकडं सवय आहे. इंग्रजीत शेवट सैल सुटतो, 'सीझनबल' असा ऐकू येतो. स्पेलिंग यू-एन-एस-ई-ए-एस-ओ-एन-ए-बी-एल-ई. 'सीझन'नंतर थेट 'ए' येतो, मध्ये 'ई' घुसडायचा नाही.

दुसरी पायरी : तारीख आणि गाव लिहून काढा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं थांबा. पाऊस 'अनसीझनल' आहे की नाही, हे पावसाच्या जोरावर ठरत नाही आणि नुकसानीवरही ठरत नाही. तो त्या ठिकाणी, त्या महिन्यात अपेक्षित होता की नाही, एवढ्यावरच ठरतं. कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि तालुका लिहा आणि मगच शब्दाला हात घाला.

भारतीय हवामान विभाग वर्षाचे चार भाग करतो : जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर काळ. त्यावर कोल्हापूरचं वर्ष ठेवून बघू.

जानेवारी, फेब्रुवारीत कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस झाला तर शंका नको, तो 'अनसीझनल'. शिरोळ-हातकणंगल्याकडं गहू-हरभरा उभा असतो, आजरा-चंदगडला काजू मोहरात असतो. मोहराला नुसतं ढगाळ हवामानही बाधतं, कीड आणि बुरशी वाढते. म्हणून तिथं 'अनसीझनेबल क्लाउडी वेदर' हेही बरोबर ठरतं, थेंब पडला नसला तरी. मार्चमध्येही बहुतेक वेळा हाच शब्द चालतो.

एप्रिल आणि मे मात्र वेगळे. दिवसभर काहिली, दुपारी चारच्या सुमाराला अचानक सुटणारा धुळीचा वारा, गडगडाट, तासाभराची झोडपणी, आणि मग ओल्या मातीचा वास. हा वळीव. तो मान्सूनच्या बाहेरचा असला तरी अवकाळी नाही. त्याची ठरलेली वेळ हीच आहे. वळीव चांगला झाला की नांगरटीची ढेकळं फुटतात, रान मशागतीला येतं, आणि शेतकरी त्याची वाट बघत असतो. ज्याची वाट बघतात त्याला 'अनसीझनल' म्हणणं म्हणजे पाहुण्याला बोलावून 'कशाला आलात' म्हणण्यासारखं आहे. वळवाचं इंग्रजी 'प्री-मान्सून शॉवर' किंवा 'प्री-मान्सून थंडरशॉवर' असं करा. वर्तमानपत्रं मेमधल्या पावसालाही सर्रास 'अवकाळी' म्हणतात, हे खरं. आमचं मत स्पष्ट आहे : मराठीत 'वळीव' इतका नेमका शब्द हाताशी असताना तो पुसून टाकू नये, आणि इंग्रजीतही तो फरक राखावा.

जून ते सप्टेंबर पावसासाठी हा शब्द पूर्ण बंद. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला, कोल्हापूर शहरात पाणी शिरलं, पण तो पाऊस 'अनसीझनल' नव्हता. पावसाळ्यातलाच होता, बेसुमार होता. त्याला 'एक्सेसिव्ह' किंवा 'एक्स्ट्रीम्ली हेवी' म्हणतात. उलट जुलैत पंधरा दिवस कडक ऊन पडलं, तर त्याला 'अनसीझनेबली ड्राय' म्हणता येतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला परतीचा पाऊस हाही वेळेतलाच. हस्ताचा पाऊस आपल्या पंचांगातही आहे. सोयाबीन कापून पडलेलं असतं, नुकसान मोठं होतं, हळहळ होते, पण इंग्रजीत तो 'रेन ड्युरिंग द विथड्रॉअल ऑफ द मान्सून'. मान्सून परतल्यानंतरचा, नोव्हेंबर-डिसेंबरचा पाऊस पुन्हा 'अनसीझनल'मध्ये येतो. तो बहुधा समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळं किंवा चक्रीवादळामुळं येतो.

एक कडेची गोष्ट. २०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोचला, नेहमीपेक्षा बराच लवकर. अशा वर्षी मे अखेरीच्या पावसाला काय म्हणायचं? मान्सून त्या भागात पोचल्याचं हवामान विभागानं जाहीर केलं असेल, तर त्यानंतरचा पाऊस मान्सूनचाच. लवकर आलाय म्हणून 'अर्ली मान्सून रेन' म्हणा, 'अनसीझनल' नाही. त्याआधीच्या आठवड्यातला असेल तर 'प्री-मान्सून'. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख समोर असेल तर आधी मान्सून आगमनाची घोषणा तपासा.

तिसरी पायरी : पाऊस की उष्मा?

मराठीतला 'अवकाळी' जवळजवळ पावसालाच चिकटलाय. 'अवकाळी ऊन' किंवा 'अवकाळी थंडी' कुणी म्हणत नाही. इंग्रजी शब्दाला असं बंधन नाही. तो उष्म्याला, थंडीला, वाऱ्याला, बर्फालाही लागतो. त्यामुळं निवड अशी करा.

पावसाबद्दल लिहायचं असेल तर 'अनसीझनल रेन'. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं आणि सरकारी कागद हेच रूप वापरतात, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. 'अनसीझनेबल रेन' चूक नाही, पण आपल्याकडं कमी दिसतं.

तापमानाबद्दल लिहायचं असेल तर क्रियाविशेषण घ्या : 'अनसीझनेबली वॉर्म', 'अनसीझनेबली कोल्ड'. इथं 'अनसीझनली' हे रूप कमी दिसतं, 'अनसीझनेबली'च रुळलेलं आहे. शेवटचा 'ई' काढून त्या जागी 'वाय' बसवायचा.

गारपिटीसाठी मोकळं 'हेलस्टॉर्म' पुरतं. आपल्याकडं गारा पडतात त्या बहुतेक मार्च ते मेमध्येच, त्यामुळं पुढं 'अनसीझनल' लावून काही वाढत नाही. आणि गारपीट व पाऊस हे नुकसानीच्या कागदात वेगवेगळे मोजले जातात. 'अनसीझनल रेन' लिहून त्यात गारा गृहीत धरू नका, दोन्ही स्वतंत्र लिहा.

चौथी पायरी : वाक्य जुळवा

मराठीत 'अवकाळी' एकटा नाम म्हणून उभा राहतो. 'अवकाळीनं झोडपलं', 'अवकाळीचा फटका', 'अवकाळी आला'. इंग्रजीत हे चालत नाही. 'अनसीझनल डॅमेज्ड द क्रॉप' असं लिहिलेले अर्ज नेहमी बघायला मिळतात. वाचणारा विचारतो, अनसीझनल काय? पुढं नाम हवंच : रेन, शॉवर, वेदर, हीट, कोल्ड. 'अनसीझनल रेन डॅमेज्ड द क्रॉप', असं.

दुसरी सवय 'पाऊस आला'ची. 'रेन केम' हे इंग्रजीत ओढूनताणून वाटतं. 'इट रेन्ड' किंवा 'रेन फेल' लिहा. एका दिवसाच्या पावसाला 'रेन' एकवचनीच ठेवा. 'द रेन्स' म्हटलं की इंग्रजीत अख्खा पावसाळा उभा राहतो. एकच सर असेल तर 'ॲन अनसीझनल शॉवर'. शब्द स्वरानं सुरू होतो, म्हणून आधी 'अ' नाही, 'ॲन'.

'हेवी' हा शब्द मोकळ्या हातानं वापरू नका. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'हेवी', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'व्हेरी हेवी', त्यापुढं 'एक्स्ट्रीम्ली हेवी'. १५.६ ते ६४.४ हा फक्त 'मॉडरेट'. ३० मिलिमीटरचा वळीव अंगावर घेताना आभाळ फाटल्यासारखा वाटतो, कारण तो तासाभरात पडतो. पण २४ तासांच्या मोजणीत तो मॉडरेटच. सांगायचंच असेल तर 'इंटेन्स' म्हणा आणि किती वेळात किती मिलिमीटर ते लिहा.

आता एक वाक्य जवळून बघू. मराठी असं आहे : 'डिसेंबरात अवकाळी झाल्यानं गुऱ्हाळ बंद पडलं.' शब्दाला शब्द ठेवून नवखा लिहितो, 'ड्यू टू अनसीझनल इन डिसेंबर, गुऱ्हाळ क्लोज्ड.' नाम नाही, कारण नाही, आणि बाहेरच्या माणसाला गुऱ्हाळ पावसानं का बंद पडावं तेच कळत नाही. गुऱ्हाळघरात रस काढून उरलेली चिपाडं उन्हात पसरून वाळवतात आणि तीच चुलवाणात जाळतात. ती भिजली की धूर होतो, जाळ धरत नाही, काहिलीतलं, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईतलं, आधण रेंगाळतं आणि गुळाचा रंग काळपटतो. म्हणून गुळव्या काम थांबवतो. हे मधलं कारण इंग्रजीत घालावंच लागतं : 'अनसीझनल रेन इन डिसेंबर सोक्ड द बगॅस लेड आउट टु ड्राय, अँड द जॅगरी युनिट हॅड टु स्टॉप वर्क.' वाक्य लांबलं, पण वाचणाऱ्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

तीच गोष्ट वीटभट्टीची. कच्च्या विटा थापून ऊन खात पडलेल्या असतात. पाऊस झाला की त्यांची पुन्हा माती होते. 'ब्रिक्स डॅमेज्ड' लिहिलं तर भाजलेल्या विटा कशा बिघडल्या असा प्रश्न येतो. 'अनबर्न्ट ब्रिक्स' लिहा. ऊसतोडीतही पावसानं ऊस बिघडला असं नसतं. रानाला वाफसा राहत नाही, फडात ट्रॅक्टर रुततो आणि तोड थांबते. काय भिजलं, काय थांबलं, हे वेगळं करून लिहा.

पाचवी पायरी : उलटा प्रवास, इंग्रजीतून मराठीत

इथं 'अनसीझनेबली वॉर्म' सगळ्यात जास्त फसवतो. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात तोवर नोंदलेलं ते सगळ्यात जास्त तापमान. तिथल्या बातम्यांत त्याला 'अनसीझनेबली वॉर्म' म्हटलं तर ते अगदी योग्य. पण मराठीत 'लंडनमध्ये अवकाळी उन्हाळा' किंवा 'कडक ऊन' लिहिलंत तर कोल्हापूरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मेमधला रंकाळा तलाव येईल. २१ अंशाला आपण सकाळी स्वेटर शोधतो. 'फेब्रुवारीच्या मानानं बरीच ऊबदार हवा' एवढंच लिहा, आणि आकडा द्या.

हीच मराठीतली भरवशाची रीत आहे : महिना घ्या आणि 'च्या मानानं' जोडा, किंवा 'भर' लावा. 'भर थंडीत उकाडा', 'ऐन पावसाळ्यात ऊन', 'मार्चच्या मानानं गारठा'. एकाच विशेषणात सगळं कोंबायचा हट्ट धरू नका. मूळ मजकूर ऑस्ट्रेलियातला असेल तर महिना दोनदा बघा. तिथं डिसेंबर हा उन्हाळा, म्हणून डिसेंबरातली थंडी तिथं 'अनसीझनेबल' असते.

जुन्या इंग्रजीत 'ॲट ॲन अनसीझनेबल अवर' असंही भेटतं. इथं हवामानाचा संबंध नाही. 'भलत्या वेळी', 'अवेळी' असा अर्थ घ्या.

सहावी पायरी : सरकारी कागद असेल तर कागदाचाच शब्द

वर वळवाबद्दल जे सांगितलं ते लेखनासाठी. नुकसानीचा अर्ज भरताना मात्र आपला भाषाविचार बाजूला ठेवायचा आणि फॉर्ममध्ये जो शब्द छापलाय तोच उचलायचा, नाहीतर अर्ज भलत्या रकान्यात जातो.

मदतीच्या शासन निर्णयांत शब्द आहे 'अवेळी पाऊस'. राज्यानं आपल्या स्तरावर ज्या आपत्ती मान्य केल्यात, त्यात तो अतिवृष्टी, वीज कोसळणं, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग यांच्यासोबत येतो. गारपीट त्या यादीत नाही, ती केंद्राच्या निकषांतल्या आपत्तींमध्ये आहे. वर म्हटलं ना, दोन्ही वेगळे लिहा, त्याचं कारण हे. 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. अवेळी पाऊस आणि अतिवृष्टी हे दोन वेगळे दावे आहेत, एकमेकांच्या जागी लिहू नका.

पीक विम्याच्या मराठी कागदात त्याच गोष्टीला 'बिगरमोसमी पाऊस' म्हणतात, इंग्रजीत 'अनसीझनल रेन्स'. इथं शब्द अनेकवचनी छापलेला आहे, तसाच ठेवा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत तो काढणीपश्चात नुकसानीच्या कलमात आहे : कापून शेतात सुकायला पसरलेलं पीक, काढणीपासून १४ दिवसांच्या आत, गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळाचा पाऊस किंवा बिगरमोसमी पावसानं खराब झालं तर. कळवायची मुदत ७२ तास. हे कलम प्रत्येक हंगामात लागू असेलच असं नाही, त्या हंगामाचा राज्याचा शासन निर्णय आधी वाचा. 'बिगरमोसमी' शब्दशः घेतला तर मान्सूनबाहेरचा कुठलाही पाऊस त्यात येईल, वळीवसुद्धा. म्हणून मजकुरात शब्दावर विसंबू नका, तारीख आणि मंडळातला मिलिमीटरचा आकडा घाला.

पंचनाम्याच्या इंग्रजी प्रतीत 'पंचनामा' तसाच ठेवला तरी चालतो. बाहेरच्या राज्यातल्या कार्यालयाकडं पाठवायचा असेल तर 'स्पॉट इन्स्पेक्शन रिपोर्ट' असं पहिल्यांदा एकदा लिहा.

सातवी पायरी : सारखे दिसणारे शब्द चाळून काढा

'अनटाइमली' पावसाला लावलेला दिसतो, समजतोही, पण इंग्रजी कानाला त्या शब्दाबरोबर आधी मृत्यू आठवतो, 'अनटाइमली डेथ'. टाळलेला बरा. 'ऑफ-सीझन' हा धंद्याचा शब्द : पन्हाळ्यावरच्या हॉटेलांचे कमी दर, रिकाम्या खोल्या. फळभाजीसाठी 'आउट ऑफ सीझन'. लहरी पावसाला, म्हणजे कधी महिनाभर दडी तर कधी धो धो, 'इरॅटिक' म्हणतात. 'अनसीझन्ड' तर वेगळाच : न मुरलेलं कच्चं लाकूड, नाहीतर मीठमसाला न घातलेलं जेवण. 'अनसीझन्ड रेन' म्हणजे अळणी पाऊस.

'सीझनल' आणि 'सीझनेबल' यांतही गल्लत होते. 'सीझनल' म्हणजे हंगामी, ठरावीक हंगामात असणारं : सीझनल फ्लू, सीझनल लेबर, ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्या. 'सीझनेबल' म्हणजे त्या वेळेला साजेसं. नकारात हा फरक बराचसा पुसला जातो आणि म्हणूनच 'अनसीझनल' व 'अनसीझनेबल' दोन्ही हवामानाला चालतात.

शेवटी कागद पाठवण्याआधी हा एक शब्द अक्षर अक्षर लावून वाचा. 'यू-एन'नंतर 'एस' आहे ना? तिथं 'आर' पडला की 'अनरीझनेबल रेन' होतो, म्हणजे अवाजवी पाऊस. तोही इंग्रजीतला खरा शब्द असल्यामुळं संगणक खाली लाल रेघ ओढत नाही.